पेटतो, पण टिकत नाही: हार्टफर्डकडच्या एका ऑइल बॉयलरची केस

घर कनेक्टिकटमधलं, हार्टफर्डच्या आसपासचं, साठच्या दशकात बांधलेलं दुमजली. इन्शुरन्स कंपन्यांच्या आयटीमुळे या भागात आपली मराठी मंडळी भरपूर आहेत आणि बऱ्याच जणांनी अशीच जुनी घरं घेतलीत, ज्यांच्या गल्लीत गॅसची लाइनच आलेली नाही. मग बेसमेंटमध्ये २७५ गॅलनची लोखंडी टाकी, त्यात लाल रंग मिसळलेलं हीटिंग ऑइल (साधारण आपलं डिझेलच, रंग टॅक्ससाठी), आणि बाजूला बॉयलर, जो पाणी तापवून भिंतीच्या कडेच्या बेसबोर्डमधून फिरवतो. अमेरिकेत अशी ऑइलवर तापणारी जवळपास ५० लाख घरं आहेत, त्यातली बहुतेक ईशान्येच्या राज्यांत, आणि एकट्या कनेक्टिकटमध्ये पाचातली साधारण दोन घरं. भारतातून नवीन आलेल्याला हे बघून नवलच वाटतं.

मी पुण्यात असताना एमआयडीसीत डिझेल बर्नरच्या सर्व्हिसिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत, लॉन्ड्रीचे, हॉटेलांचे छोटे बॉयलर वगैरे. यंत्र तेच असतं, पंप तेलाला प्रेशर देतो, नोझल त्याचा फवारा करतं, दोन इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी पडते, फॅन हवा देतो, झालं. इथे मी आता ते काम करत नाही आणि लायसन्सशिवाय करताही येत नाही, पण ओळखीत कुणाचा बॉयलर रुसला की फोन मला येतो. ही केस अशीच आली, मित्राच्या घरची, आणि लिहून ठेवण्यासारखी वाटली कारण यात जो जो पार्ट बदलला त्याला दिसेल असं काही ना काही कारण होतं आणि तरी बिघाड त्यातल्या एकाचाही नव्हता.

तर तक्रार अशी. डिसेंबरपासून सकाळी उठावं तर घर गार, बेसमेंटमध्ये बर्नरवरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय, म्हणजे लॉकआउट, बर्नर स्वतःहून बंद होऊन रीसेटची वाट बघतोय. रीसेट दाबलं की बर्नर चालू, एकदा धप्प आवाज, मग दिवसभर काही नाही. आठवडा दोन आठवडे बरे जायचे, परत तेच. तेलवाल्या कंपनीचा माणूस आला, तेव्हा बर्नर मस्त चालू, त्याने नोझल बदललं, इलेक्ट्रोड पुसले, लाइन ब्लीड केली (नळीतली हवा काढली), गेला. काही दिवस ठीक. परत लॉकआउट, दुसरा माणूस, त्याने इग्नायटर म्हणजे ठिणगीचा ट्रान्सफॉर्मर बदलला. परत काही दिवस ठीक. तिसऱ्या खेपेला कॅड सेल, म्हणजे ज्योत बघणारा डोळा. मित्र वैतागून म्हणाला, "अरे हे सगळं त्या नवीन कंट्रोलनंतर सुरू झालंय, तोच डिफेक्टिव्ह आहे, तोच बदलून मागतो." कारण ऑक्टोबरमध्ये सर्व्हिसिंगच्या वेळी जुना प्रायमरी कंट्रोल (बर्नर चालू-बंद करणारा, ज्योतीवर लक्ष ठेवणारा डबा) काढून नवीन बसवला होता, जुना पंचवीसेक वर्षांचा असेल.

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. इथे जरा थांबून सांगतो कारण पुढचं सगळं यावर आहे.

जुन्या पद्धतीचे कंट्रोल, उदाहरणार्थ हनीवेलचा आर८१८४जी, बर्नर चालू असेपर्यंत ठिणगी सतत देत राहायचे आणि ज्योत दिसली नाही तर ४५ सेकंद वाट बघून मगच बंद व्हायचे. नवे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल ठिणगी फक्त सुरुवातीला देतात, ज्योत लागली की थोड्या वेळात ठिणगी बंद, आणि पेटायला मिळतात बऱ्याच मॉडेलवर फक्त १५ सेकंद. हा बदल चांगलाच आहे, इलेक्ट्रोड टिकतात, न जळलेलं तेल चेंबरमध्ये कमी पडतं. पण याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. समजा तेलात मधेच हवेचा बुडबुडा आला आणि ज्योत क्षणभर विझली. जुन्या कंट्रोलवर ठिणगी चालूच असायची, तेल आलं की पुन्हा भप्पकन पेटायचं, घरात कुणाला पत्ताही नाही. नव्या कंट्रोलवर ठिणगी कधीच बंद झालेली असते, ज्योत गेली म्हणजे गेली. कंट्रोल मिनिटभर थांबतो, एकदा पुन्हा प्रयत्न करतो, तेव्हाही १५ सेकंदांत ज्योत दिसली नाही तर लॉकआउट. म्हणजे नवीन कंट्रोल लावल्यावर बिघाड "सुरू" झाला असं जे दिसतं तो बऱ्याचदा जुनाच असतो, आधी झाकलेला. मी मित्राला म्हटलं, कंट्रोल बदलू नको, तोच एकटा खरं बोलतोय.

आता रीसेट. हे जरा रागानेच लिहितोय. मित्राच्या घरी सकाळी जो पहिला उठेल तो खाली जाऊन रीसेट दाबायचा, नाही पेटलं तर परत, परत नाही तर परत. प्रत्येक दाबण्याला पंप तेल फवारतोच, पेटलं नाही तर ते गरम किंवा गार चेंबरमध्ये साचतं, आणि मग एकदा ठिणगी पकडली की ते सगळं एकदम पेटतं. तो धप्प आवाज तोच. मोठा झाला तर त्याला इथे पफबॅक म्हणतात, धुराडं निखळतं, काजळी डक्टमधून, जिन्यातून अख्ख्या घरात, पडदे, कपाटातले कपडे, सगळं काळं, आणि इन्शुरन्सवाल्याशी महिनोन्महिने भांडण. रीसेट एकदा दाबायचं. नाही पेटलं तर जिन्याच्या तोंडाशी जो लाल प्लेटचा इमर्जन्सी स्विच असतो तो बंद करून फोन लावायचा. नवे कंट्रोल लागोपाठ तीन लॉकआउट झाले की स्वतःच अडून बसतात ते याचसाठी, आणि ते अडणं उघडायची युक्ती नेटवर शोधून वापरणारे महाभाग आहेत.

खरा धागा मिळाला तो मित्राच्या आईकडून. काकू मिरजेहून थंडीपुरत्या आल्या होत्या (लोक उन्हाळ्यात बोलावतात, यांना बर्फ बघायचा होता), पहाटे पाचला उठून चहा घेऊन स्वयंपाकघरात बसायच्या, आणि बेसमेंटचा दरवाजा तिथेच. मी विचारलं, काकू, सकाळी हा चालू होताना काय ऐकू येतं? सगळ्यांनी मला "पेटतच नाही" असं सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, "छे रे, पेटतो की. चांगला घरघरतो थोडा वेळ, माझा अर्धा कप होईपर्यंत. मग फरफरतो, रॉकेल संपत आलेला वातीचा स्टोव्ह फरफरायचा ना तसा, आणि गप. मग थोड्या वेळाने नुसती मोटर फिरते, आणि परत गप."

संपलं. म्हणजे संपलं नाही, पण निम्मा तपास इथे झाला. पेटतो याचा अर्थ ठिणगी आहे, तेल आहे, हवा आहे, सुरुवातीला तरी. विझतो तो फरफरून, एकदम कट होऊन नाही, म्हणजे कंट्रोलने किंवा कॅड सेलने उगाच बंद केलेला नाही, तेलच तुटतंय. कॅड सेलवर उजेड पडला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो, चांगल्या ज्योतीसमोर साधारण ३०० ते १६०० ओहम. तो खराब असता तर ज्योत नीट पेटलेली असताना कंट्रोलने पंप बंद केला असता, आवाज न अडखळता थांबला असता. इग्निशनच्या तक्रारीत "कधी बंद झाला आणि कसा" हा पहिला प्रश्न पाहिजे, आणि टेक्निशियन येतो तेव्हा तो क्षण निघून गेलेला असतो, म्हणून घरातल्या माणसाचे कान लागतात. पुढच्या लॉकआउटला मित्राने मोबाइल जिन्यात ठेवून रेकॉर्डिंग केलं. चालू झाल्यापासून फरफर सुरू होईपर्यंत दीड मिनिट आणि वर थोडे सेकंद.

ते दीड मिनिट महत्त्वाचं, पण त्याआधी टाकी. मी मित्राकडे तेलाच्या डिलिव्हरीच्या पावत्या मागितल्या आणि फोनमधले मेसेज बघून लॉकआउटच्या तारखा लावल्या. टाकी भरल्यावर पुढचे दिवस शांत. टाकी निम्म्याखाली गेली की त्रास सुरू, पाव भरली राहिली की रोजचा. त्यात कडाक्याची थंडी पडली की तेल झपाट्याने उतरतं, म्हणून सगळ्यांना वाटायचं थंडीमुळे होतंय. आणि दर वेळी माणूस यायचा तेव्हा, तेल कमी दिसलं की ऑफिसला कळवायचा, एकदोन दिवसांत टँकर येऊन टाकी भरायचा, आणि श्रेय नव्या नोझलला किंवा नव्या इग्नायटरला.

शिवाय फक्त सकाळीच का? थर्मोस्टॅट रात्री दहाला ६८ फॅरनहाइटवरून ६० वर उतरायचा आणि पहाटे सव्वापाचला परत चढायचा. घराला उतरायला वेळ लागतो, तेवढे तास बॉयलर गप्प. दिवसा दर तासाला चालू बंद होतो, तेव्हा काही होत नाही. म्हणजे लांब विश्रांती आणि रिकामी होत आलेली टाकी, दोन्ही एकत्र आले की बिघाड.

आता पाइप बघा. या घरात तेलाची तांब्याची नळी, ३/८ इंची, टाकीच्या वरून निघते, छताला लागून भिंतीपर्यंत जाते आणि बॉयलरपाशी सरळ खाली उतरते. सिंगल पाइप, म्हणजे परतीची नळी नाही. पंप तेल ओढतो, म्हणजे छताजवळची सगळी नळी कायम व्हॅक्यूममध्ये. टाकीतली पातळी जितकी खाली तितकं ओढायचं अंतर जास्त, व्हॅक्यूम जास्त. भरलेल्या टाकीला छताजवळ मोजून साधारण दोन इंच पाऱ्याचा येईल, तळाशी आलेल्या टाकीला चारच्या पुढे. अशा नळीला कुठे बारीक गळती असली तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून लादीवर एक थेंब नाही, वास नाही, आणि सगळे टेक्निशियन "लाइन सुकी आहे" म्हणून पुढे गेले. रात्रभर बर्नर बंद असताना हवा आत शिरते, टाकीकडचं तेल हळूहळू टाकीत परत उतरतं, पण बर्नरकडच्या उभ्या नळीतलं तेल कुठे जाणार, खाली पंप बंद आहे, ते तसंच उभं राहतं. सकाळी पंप आधी तेच पितो. छतापासून पंपापर्यंत सहा फूट नळी, तिच्यात मावतं ८५ ते ९० मिली तेल. नोझल होतं ०.८५ गॅलन तासाला, म्हणजे मिनिटाला ५४ मिलीच्या आसपास. भागा. दीड मिनिट आणि वर थोडे सेकंद.

हे गणित मी जेवणाच्या टेबलावर पावतीच्या मागे करून दाखवलं तेव्हा मित्राचा चेहरा बघण्यासारखा होता. पण गणित म्हणजे पुरावा नव्हे, आणि गळती कुठंय हे त्यातून कळत नाही.

म्हणून मग तेलवाल्या कंपनीला बाजूला ठेवून एक स्वतंत्र लायसन्सवाला टेक्निशियन बोलावला, साठीतला गोरा माणूस, तोंडात सतत पुदिन्याची गोळी. त्याला आम्ही आधी काहीच निदान सांगितलं नाही, फक्त काकूंचं वर्णन, दीड मिनिट आणि टाकीच्या तारखा सांगितल्या. तो हसला आणि गाडीतून व्हॅक्यूम गेज घेऊन आला.

त्याने केलं ते सांगतो. पंपाच्या ब्लीड पोर्टला पारदर्शक नळी लावून बर्नर चालवला, तेल लाल दिसायला पाहिजे तर फेसाळ गुलाबी, साबणाच्या पाण्यासारखे बारीक बुडबुडे. मग गेज लावून चालू लाइनचा व्हॅक्यूम बघितला, जेमतेम दोन इंच. हे कामाचं, कारण फिल्टर तुंबला असता किंवा नळी चेपली असती तर गेज वर गेला असता. इथे वर नाही, म्हणजे अडथळा नाही. मग टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून पंपाने व्हॅक्यूम दहा इंचापर्यंत ओढू दिला, बर्नर बंद केला आणि काटा बघत बसला. चांगल्या लाइनला काटा तिथेच राहतो. हा उतरत गेला, घाईत नाही, डोळ्याला दिसेल असा. पंपाची बाजू वेगळी करून परत तेच, काटा हलला नाही. म्हणजे पंपाचं सील ठीक, गळती नळीत. फिल्टर टाकीजवळ होता, त्याचं झाकण आणि गॅस्केट तपासलं, ठीक.

उरली छताजवळची नळी. तिथे मागच्या मालकाने बेसमेंट सजवताना सीलिंग टाइल लावल्या होत्या. दोन टाइल उचलल्यावर दिसलं, भिंत सरकवताना नळी कापून लांबवलेली आणि जोड कॉम्प्रेशन फिटिंगचा, पाण्याच्या लाइनला लावतात तसला, आत पितळी रिंग. तेलाच्या सक्शन लाइनला फ्लेअर जोड लागतो, नळीचं तोंड पसरवून बसवलेला. कॉम्प्रेशन फिटिंग तेल थांबवते पण थरथरत आणि गार-गरम होत वर्षानुवर्षं गेली की हवेला वाट देते. त्या जोडाखालच्या लाकडावर तेलाचा डागसुद्धा नव्हता, तीसेक वर्षांची धूळ तशीच कोरडी. टेक्निशियनने बोट फिरवून धूळ दाखवली आणि म्हणाला, बघा, म्हणून कुणी वर बघत नाही.

त्याने तो तुकडा जोडला नाही, टाकीपासून बर्नरपर्यंत प्लास्टिकचं वेष्टण असलेली अखंड नळी टाकली, मधे एकही जोड नाही, दोन्ही टोकांना फ्लेअर. मला हेच पटतं, गळका जोड काढून चांगला जोड लावणं म्हणजे पुढच्या माणसासाठी काम ठेवणं. परत दहा इंच ओढून काटा बघितला, जागचा हलला नाही.

मग इलेक्ट्रोड. काही आठवड्यांपूर्वीच पुसलेले, तरी टोकांवर कोळसा चढलेला, नोझलच्या तोंडावर काळी मिशी, आणि एका चिनीमातीच्या इन्सुलेटरवर केसासारखी रेघ. ठिणगी खरंच कमजोर असणार. दुसऱ्या टेक्निशियनने इग्नायटर बदलला तो काही बनवाबनवी नव्हती, त्याला जे दिसलं ते खरं होतं. पण कोळसा आला कुठून? लाइनमध्ये हवा असली की बर्नर बंद होताना नोझलच्या नळीत अडकलेली दाबलेली हवा फुगते आणि तेलाचे दोनचार थेंब बाहेर ढकलते, गरम चेंबरसमोर ते अर्धवट जळतात आणि सगळ्यावर काजळी धरते. प्रत्येक बंदनंतर थोडी. म्हणजे इलेक्ट्रोड हा हवेचा बळी, आणि कोळसा वाढला की मग तो स्वतः दुसरा बिघाड होतो, पेटायलाच उशीर. फेब्रुवारीत सकाळी जो धप्प आवाज वाढला होता तो यामुळे.

इलेक्ट्रोडची जोडी नवीन घातली. बर्नर बेकेटचा एएफजी, त्याची मापं ठरलेली आहेत, टोकांमध्ये ५/३२ इंच अंतर, नोझलच्या मध्यापासून ५/१६ इंच वर, आणि नोझलच्या तोंडापुढे १/१६ इंच. हे डोळ्याने लावणारे आहेत, याने गेज काढला, दोनदा मापलं. फवारा ठिणगीवर आला तर कोळसा, ठिणगी फवाऱ्यापासून लांब राहिली तर उशिरा पेट. घरमालकाने यात हात घालू नये हे वेगळं सांगत नाही, तिथे दहा हजार व्होल्ट आणि वर असतात. नवं नोझल, पंपाचं प्रेशर मोजून १०० पीएसआय, आणि शेवटी कम्बश्चन टेस्ट. कंप्युटरवाल्या अॅनालायझरआधी त्याने हातपंपाने धूर ओढून कागदावर डाग बघितला, शून्य आला तेव्हाच पुढचे आकडे घेतले. मला तो माणूस तिथेच आवडला. आधीच्या तीन भेटींत एकदाही धुराची टेस्ट झाली नव्हती, नोझल बदलून टेस्ट न करता जाणं म्हणजे निम्मं कामच.

कॅड सेल बघायची एक सोपी युक्तीही त्याने मित्राला दाखवली. हनीवेलच्या आर७१८४ वर ज्योत चालू असताना रीसेट बटण क्षणभर दाबून सोडलं की दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, एकदा म्हणजे ४०० ओहमच्या आत, दोनदा ८०० पर्यंत, तीनदा १६०० पर्यंत, चारदा म्हणजे त्याच्या वर, तेव्हा माणूस बोलवा. इथे दोनदा. मित्राने ते बेसमेंटच्या भिंतीवर पेनने लिहून ठेवलंय.

त्यानंतर मुद्दाम टाकी पावाच्या खाली जाऊ दिली, कारण भरलेल्या टाकीवर घेतलेली परीक्षा या केसमध्ये काही सिद्धच करत नाही. मार्चमधली थंडी, रात्रीचा सेटबॅक (थर्मोस्टॅट उतरवणं) तसाच ठेवलेला, सकाळी सव्वापाचला रेकॉर्डिंग. आवाज एकसारखा, फरफर नाही, मध्ये खंड नाही. अगदी तळापर्यंत मात्र जाऊ दिली नाही, जुन्या टाकीच्या बुडाशी गाळ आणि पाणी असतं, तो ओढला तर नवीनच कथा. कंट्रोल तोच आहे, बदलला नाही. काढलेला इग्नायटर मित्राने जपून ठेवलाय, तो चालूच असणार असं माझं मत आहे, आणि तेलवाल्या कंपनीने त्या भेटींचे पैसे परत द्यावेत यासाठी त्याचा पत्रव्यवहार अजून सुरू आहे.